शाळा सुरू होतेय, मुलांना सुरक्षितता नुसती सांगू नका, करून घ्या

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्या झाल्या माझ्या मुलीची पाण्याची बाटली हरवली, तेव्हा ती ७ वर्षांची होती, आणि हे मला कळलं ४ दिवसांनी. चार दिवस पोरगी मैत्रिणीच्या बाटलीतलं पाणी पीत होती नाहीतर तशीच तहानलेली राहत होती, आणि घरी आली की दप्तर पटकन आतल्या खोलीत नेऊन ठेवायची. का नाही सांगितलंस म्हटलं तर म्हणाली, "तू ओरडशील ना." त्या रात्री मला झोप लागली नाही, बाटलीचं काही नाही हो, पण एकच विचार डोक्यात फिरत राहिला की साधी बाटली हरवल्याचं सांगायला हिला ४ दिवस धीर होत नाही तर उद्या खरंच काही वाईट झालं तर ही मला कधी सांगणार?

आणि गंमत म्हणजे सगळ्या सूचना तिला तोंडपाठ होत्या. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, कुणी काही दिलं तर खायचं नाही, कुठे जायचं नाही, सगळं घडाघडा म्हणून दाखवायची. पण म्हणून दाखवणं वेगळं आणि वेळ आल्यावर तसं वागणं वेगळं. मुलांना सुरक्षितता शिकवण्यावर जो अभ्यास झालाय त्यात हे पुन्हा पुन्हा दिसलंय, नुसतं सांगितलेली मुलं प्रश्नांची उत्तरं बरोबर देतात पण प्रत्यक्ष प्रसंग उभा केला की त्यातली बरीच गोंधळतात. ज्यांना सांगितलं, करून दाखवलं, त्यांच्याकडून करून घेतलं आणि चुकलं तिथे सांभाळून सुधारलं, ती मुलं वेळेला तसं वागण्याची शक्यता जास्त. पोहायला शिकवताना आपण पोराला पुस्तक देत नाही, पाण्यात उतरवतो, तसंच हे.

तर मी माझ्या दोन्ही मुलांबरोबर, ही धाकटी आणि १४ वर्षांचा थोरला, जे करतेय ते क्रमाने लिहिते. सगळं एका दिवसात करायचं नाही, शाळेच्या पहिल्या महिनाभरात थोडं थोडं.

पायरी १: आधी घरात सांगायची सवय

ही पायरी सोडून पुढचं कितीही केलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. मूल लहानसहान गोष्टी सांगतं तेव्हा आपलं तोंड कसं होतं, आवाज कसा होतो हे ते बघत असतं आणि त्यावरून ठरवतं की मोठी गोष्ट इथे सांगायची का नाही. म्हणून आमच्याकडे आता एक नियम आहे, स्वतःहून येऊन सांगितलं तर ओरडा नाही. चूक असेल तर ती निस्तरावी लागेल, बाटली शोधायला लागेल, माफी मागायला लागेल, पण ओरडा, टोमणा, चारचौघात सांगणं यातलं काही नाही. आणि हा नियम आपल्यालाच पाळायला जड जातो, दमून आल्यावर तर फारच. मला पहिलं वाक्य ठरवून ठेवायचा उपयोग झाला, "बरं झालं सांगितलंस." राग आला तरी आधी हे वाक्य, मग दोन मिनिटं गप्प, मग बाकीचं.

आणि "आज शाळेत काय झालं" असं विचारू नका, उत्तर "काही नाही" हेच येतं. "आज कुणाचा राग आला?", "मधल्या सुट्टीत कुणाबरोबर होतीस?", "आज कुणी रडलं का?" असं विचारा, तेही समोर बसवून नाही, चालताना किंवा घड्या घालताना. थोरला तर फक्त रात्री दिवे बंद झाल्यावर बोलतो, म्हणून ती १० मिनिटं मी त्याच्यासाठी ठेवते.

पायरी २: शरीराचे शब्द आणि गुपितं

हाताला हात म्हणतो तसं लिंग, योनी, छाती, कुल्ले हे शब्द मुलांना माहीत हवेत. टोपणनावं लाडाने वापरा हवं तर, पण खरा शब्दही यायला हवा, कारण मूल जर म्हणालं "त्यांनी माझ्या फुलाला हात लावला" तर बाईंना वाटेल कुंडीतल्या फुलाला. शिवाय ज्या अवयवाचं नाव घ्यायलाच आपण लाजतो त्याबद्दल तक्रार कशी करायची हे मुलाला कसं कळणार.

नियम सोपा आहे, चड्डीच्या आतला भाग आणि छाती हा खासगी भाग, त्याला कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि दुसऱ्याच्या खासगी भागाला हात लावायला किंवा बघायला सांगायचं नाही. लहान असताना अंघोळ घालणं आणि डॉक्टरांनी तपासणं हे चालतं पण डॉक्टरांकडे आई किंवा बाबा खोलीत असणार. याच्या जोडीला, कुणालाही मिठी मारायची की नाही हे मुलाने ठरवायचं. "जा, पापी दे बघू" म्हणून पुढे ढकलायचं बंद करा, नमस्कार किंवा हात हलवणं पुरेसं आहे. एकीकडे म्हणायचं तुझं शरीर तुझं आणि दुसरीकडे नको असताना मांडीवर बसवायचं, मूल यातलं दुसरंच शिकतं.

गुपिताचं मात्र नीट समजवा कारण अत्याचार करणारा माणूस जवळजवळ नेहमीच गुपितावर उभा असतो. मी दोन शब्द वेगळे केले, सरप्राईझ आणि गुपित. सरप्राईझ थोड्या दिवसांनी सगळ्यांना कळतं आणि कळल्यावर सगळे खूश होतात. गुपित म्हणजे कायम लपव, आईला सांगू नको, सांगितलंस तर काहीतरी होईल. मोठ्या माणसाने मुलाला गुपित ठेवायला सांगायचंच नाही, कुणीही, आजीआजोबांनी नाही, सरांनी नाही, आम्हीही नाही. म्हणजे बाबांनी "आईला सांगू नको हं, चॉकलेट खाल्लं ते" हेही बंद करायचं, वाक्य तेच आहे म्हणून.

पायरी ३: "अनोळखी" हा शब्द बाजूला ठेवा

मुलांना विचारून बघा अनोळखी माणूस कसा दिसतो, ती म्हणतात काळे कपडे, दाढी, भीतीदायक डोळे. हसून नाव विचारणारा माणूस त्यांच्या लेखी दोन मिनिटांत ओळखीचा होतो. आणि खरी अडचण वेगळीच आहे, मुलांवर लैंगिक अत्याचार करणारे बहुतेक लोक मुलाच्या ओळखीचेच असतात, नात्यातले, शेजारचे, शिकवणारे, मोठी मुलं. शिवाय हरवलेल्या मुलाला मदत मागायला अनोळखी माणसाकडेच जावं लागतं. म्हणून माणसाकडे बघून नाही, वागण्याकडे बघून ओळखायला शिकवा.

घरातल्या भाषेत आम्ही त्याला धोक्याची घंटा म्हणतो. मोठा माणूस लहान मुलाकडे मदत मागतोय (पिल्लू शोधायला चल, रस्ता दाखव), तर घंटा, कारण मोठ्या माणसाला मदत लागली तर तो मोठ्यांकडे जाईल. गुपित ठेव म्हणतोय, घंटा. आईबाबांना न विचारता ये म्हणतोय किंवा घरचा नियम मोडायला सांगतोय, घंटा. सारखा एकट्यालाच भेटायला बघतोय, एकट्यालाच वस्तू देतोय, नको म्हटल्यावरही गुदगुल्या थांबवत नाही, घंटा. आणि पोटात कसंतरी होतंय पण का ते सांगता येत नाही, तरीही घंटा, कारण द्यायची गरज नाही.

आणि सगळ्यात कामाचा नियम एकच, कुणाहीबरोबर, म्हणजे कुणाहीबरोबर, ओळखीचा असला तरी, जिथे सांगून आलोय तिथून हलायचं असेल तर आधी विचारायचं. विचारता येत नसेल तर जायचं नाही.

घरचा एक शब्दही ठरवा. आम्हाला यायला जमलं नाही आणि दुसऱ्या कुणाला पाठवलं तर तो माणूस हा शब्द सांगेल, नाही सांगितला तर परत शाळेत बाईंजवळ जाऊन उभं राहायचं. शब्द असा हवा की कुणी सहज ओळखणार नाही, पाळीव प्राण्याचं नाव नको, आणि एकदा वापरला की बदलायचा.

पायरी ४: आता खरा सराव

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि बहुतेक घरांत हाच होत नाही. आम्ही सुट्टीच्या दिवशी १५ मिनिटं करतो, खेळ म्हणून. पहिल्यांदा केलं तेव्हा मी दाराशी उभी राहिले आणि म्हटलं, मी तुझ्या बाबांच्या ऑफिसमधली मावशी, बाबांना लागलंय, दवाखान्यात नेलंय, चल पटकन. मला वाटलं होतं ती शब्द विचारेल. तिचा चेहरा पडला, ओठ थरथरले, आणि तिने दप्तर उचललं. खेळ आहे हे माहीत असून. मी तिला जवळ घेतलं, थोडा वेळ बसलो, मग पुन्हा, या वेळी ती आई आणि मी मूल झाले, मी मोठ्याने म्हटलं "शब्द काय?" आणि मागे सरकले, वळले, पळत स्वयंपाकघरात गेले. मग तिने केलं. चौथ्या वेळेला मी कितीही रडवेला चेहरा केला तरी ती दोन हात मागे सरकून शब्द विचारत होती.

घाबरल्यावर माणसाची दातखीळ बसते, मोठ्यांचीही बसते, आणि सराव यासाठीच की डोकं बंद पडलं तरी पाय चालावेत. सरावात काय घ्यायचं ते सांगते. मागे सरकणं, निदान दोन हातांचं अंतर, गाडीतून कुणी हाक मारली तर गाडीजवळ जायचंच नाही आणि गाडीचं तोंड ज्या दिशेला आहे त्याच्या उलट पळायचं म्हणजे गाडीला वळायला वेळ लागतो. दप्तर, छत्री, सायकल टाकून द्यायची, हे आवर्जून सांगा, नाहीतर वस्तू हरवली म्हणून ओरडा बसेल या भीतीने मुलं जड दप्तरासकट पळायला बघतात. ओरडायचं तर नुसतं किंचाळायचं नाही, लोकांना वाटतं मूल हट्ट करतंय, शब्द हवेत, "मी यांना ओळखत नाही! हे माझे बाबा नाहीत!" हे पोट आत घेऊन, पूर्ण आवाजात करून घ्या, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. पहिल्यांदा मुलांचा आवाजच निघत नाही, वर्षभर त्यांना हळू बोल म्हणून शिकवलेलं असतं ना. हात धरला तर लाथ, चावा, खांबाला मिठी, सगळं चालतं, त्या वेळी मोठ्यांचा मान राखायचा नसतो, हेही स्पष्ट सांगा.

गर्दीत चुकलं तर जिथे लक्षात आलं तिथेच थांबायचं आणि आईबाबांना नावाने हाक मारायची, "आई" म्हटलं की दहा बायका वळतात. मदत मागायची तर काउंटरवरचे लोक, गणवेशातले लोक, किंवा लहान मूल बरोबर असलेली बाई, आणि त्यांनी म्हटलं बाहेर चल शोधू तरी जागा सोडायची नाही.

एक मोबाईल नंबर पाठ हवाच. हल्ली आपल्यालाच एकमेकांचे नंबर पाठ नसतात तर मुलांना कुठून असणार. चालीवर म्हणून घ्या, आठवड्यात येतो. लॉक असलेल्या फोनवरून इमर्जन्सी कॉल कसा लावायचा तेही हातात फोन देऊन दाखवा, कॉल न लावता, शेवटचं बटण सोडून. अनेक देशांत ११२ चालतो, तुमच्या भागातला इमर्जन्सी नंबर आणि मुलांसाठीची हेल्पलाईन कोणती ते बघून फ्रिजवर लावा. आणि फोनवर काय बोलायचं, नाव, कुठे आहे, काय झालंय, समोरचा ठेव म्हणेपर्यंत ठेवायचा नाही.

पायरी ५: रस्ता

आपण पळवून नेण्याची भीती घालतो पण ५ ते २९ या वयोगटात जगभर मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रस्ते अपघात आहेत, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधी तो रस्ता मुलाबरोबर शाळेच्या वेळेलाच चालून बघा. आणि एका ठिकाणी तरी मुलाच्या उंचीला वाकून बघा. मी बसून बघितलं तर उभ्या गाड्यांच्या मागून मला येणारी गाडी दिसतच नव्हती, आणि उभी राहिले की दिसत होती, मी इतके दिवस तिला "नीट बघ" म्हणत होते पण तिला तिथून दिसण्यासारखं काही नव्हतंच. मग आम्ही ओलांडायची जागा बदलली.

प्राथमिक शाळेतल्या मुलांना गाडी किती वेगाने येतेय याचा अंदाज मोठ्यांसारखा येत नाही, म्हणून "गाडी लांब असेल तर जा" हा नियम त्यांना देऊ नका. दोन उभ्या गाड्यांच्या मधून निघायचं नाही, मागे जाणाऱ्या गाडीच्या मागे थांबायचं नाही. बसमधून उतरल्यावर बसच्या पुढून जायचं झालं तर साधारण ३ मीटर लांबून, ड्रायव्हरने बघून खूण केली की, आणि बसखाली काही पडलं तर ते सोडून द्यायचं. थोरल्यांसाठी, रस्ता ओलांडताना इयरफोन काढायचे, फोन खिशात. दप्तरावर बाहेर नाव लिहू नका, आत लिहा, नावाने हाक मारली की मुलाला तो माणूस ओळखीचाच वाटतो.

पायरी ६: त्रास देणारी मुलं

"तू पण दे ठेवून एक" आणि "लक्ष देऊ नकोस" ही दोन्ही उत्तरं मुलाला एकटं पाडतात. सरळ आवाजात "थांब, मला हे आवडत नाही" म्हणणं, तिथून निघून मोठ्या माणसाजवळ जाणं, आणि घरी सांगणं, एवढं शिकवा, हेही सराव करूनच. चुगली आणि सांगणं यातला फरक असा सांगा, कुणाला फक्त ओरडा बसावा म्हणून सांगणं चुगली, कुणाला तरी वाचवायला सांगणं ही मदत. तुम्ही तारीख, जागा, काय झालं हे एका वहीत लिहून ठेवा, शाळेत बोलायला गेल्यावर त्याचा फार उपयोग होतो. आणि आपलं मूल त्रास देणारं असू शकतं, तसं कुणी सांगितलं तर लगेच बाजू घेऊ नका.

पायरी ७: मोठी मुलं आणि फोन

१२-१३ नंतर भाषण चालत नाही. मी थोरल्याला प्रसंग सांगते आणि विचारते तू काय केलं असतंस, आणि तो बोलत असताना मध्ये बोलत नाही, हे मला अजून नीट जमत नाही पण प्रयत्न करते.

मुद्दे हे. गेममध्ये ओळख झालेला कुणी "चल दुसऱ्या ॲपवर बोलू" म्हणाला तर सावध, कारण त्याला नजरेआड जायचंय. वय, शाळा, क्लासची वेळ, गणवेशातला फोटो, चालू लोकेशन हे जोडून कुणीही पोचू शकतं. पासवर्ड जिवलग मित्रालाही नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट नाव घेऊन बोला, फोटोवरून धमकी. असं होतं की मुलगी असल्याचं भासवून कुणी गप्पा मारतो, एक खासगी फोटो मागतो, मिळाला की काही मिनिटांत म्हणतो पैसे दे नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो. यात किशोरवयीन मुलगे फार अडकतात, आपण मात्र मुलींनाच सांगत बसतो. काही मुलांनी यातून जीव दिलाय, काही तासांत, घरच्यांना कळायच्या आधी. म्हणून आज रात्रीच सांगा, "असं कधी झालं तर मी तुझ्या बाजूला आहे, फोटो पाठवलेला असला तरी." पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते. आणखी फोटो नाही. चॅट डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट काढायचे, मग ॲपमध्ये रिपोर्ट करून ब्लॉक, आणि पोलिसांकडे. १८ वर्षांखालच्यांच्या अशा फोटोंसाठी टेक इट डाउन नावाची फुकट सेवा आहे, अमेरिकेतली बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था चालवते, त्यात फोटो कुठेही अपलोड होत नाही, आपल्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून फोटो शोधून काढून टाकतात.

शिक्षा म्हणून फोन काढून घेऊ नका, निदान त्याने स्वतःहून सांगितलेल्या गोष्टीसाठी तरी नाही. मुलं आईबाबांपासून हे लपवतात त्यामागे "माझा फोन जाईल" ही भीती फार मोठी असते.

आमच्याकडे आणखी एक आहे, थोरल्याने कुठूनही नुसता एक ठरलेला इमोजी पाठवला की मी पाच मिनिटांत फोन करते आणि "लगेच घरी ये, काम आहे" असं जोरात म्हणते. मित्रांसमोर त्याची मान खाली जात नाही आणि तिथून निघता येतं. घरी आल्यावर त्या रात्री काहीही विचारत नाही.

पायरी ८: मुलाने काही सांगितलंच तर

चेहरा शांत ठेवा, हे सगळ्यात अवघड. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर मूल तुम्हाला सांभाळायला गप्प होतं. "तू सांगितलंस ते चांगलं केलंस. माझा विश्वास आहे. यात तुझी चूक नाही." एवढं म्हणा. "तू ओरडला का नाहीस", "आधी का नाही सांगितलंस" हे विचारू नका. "काकांनी इथे हात लावला का" असे उत्तर सुचवणारे प्रश्न नको, "मग काय झालं" एवढंच, आणि जेवढं सांगेल तेवढंच. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागणार आहे, त्याऐवजी कुणाला आणि का सांगणार ते सांगा. मुलाचे शब्द जसेच्या तसे तारीख वेळ घालून लिहून ठेवा.

त्या माणसाला लगेच जाऊन जाब विचारू नका, पण मुलाला त्याच्या जवळ पुन्हा एक क्षणही जाऊ देऊ नका. नुकतंच घडलं असेल तर अंघोळ घालायच्या आधी, कपडे न धुता, डॉक्टरकडे. एचआयव्हीपासून बचावाचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, म्हणून घरात बसून नातेवाइकांत चर्चा करण्यात ते तास घालवू नका. मग पोलीस आणि मुलांची हेल्पलाईन.

आणि मूल काहीच सांगत नसेल पण एकदम अंथरूण ओलं करायला लागलं, एका ठराविक माणसाकडे किंवा क्लासला जायचं म्हटलं की पोट दुखतं, वयाला न शोभणारं लैंगिक बोलतं किंवा खेळतं, कुठून आल्या माहीत नाही अशा वस्तू दिसतात, तर याचा अर्थ अत्याचारच झालाय असं नाही, पण काहीतरी बिनसलेलं असू शकतं. घाई न करता जवळ राहा.

पायरी ९: शाळेला विचारा, आणि परत परत करा

पहिल्या पालकसभेला हे विचारा, घ्यायला येणाऱ्याची ओळख कशी पटवतात, लहान मुलांना टॉयलेटला कोण नेतं, एका मुलाबरोबर एकटा मोठा माणूस बंद खोलीत असू शकतो का, बसमध्ये मदतनीस असतो का, तक्रार आली तर कोण बघतं. काही शाळा विचारल्यावर कपाळाला आठ्या घालतात, मला घातल्यात, तरी विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या कलम १९ मध्ये मूल ज्या कुणाच्या सांभाळात असेल तिथे त्याचं हिंसेपासून संरक्षण व्हायला हवं असं म्हटलंय, म्हणजे आपण कुणावर संशय घेत नाही, आपला हक्क विचारतोय. क्लास, खेळाचे सर, शिबिर यांनाही हेच प्रश्न.

सरावाचा भाग पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग महिन्यातून एकदा १० मिनिटं, आणि सहल, नवीन क्लास, नवीन फोन, नवीन बस असं काही बदललं की त्याच्या आधी. कधी कधी न सांगता, भाजी निवडता निवडता, "समज मी तुला घ्यायला आले नाही आणि फोन लागत नाहीये, तर?" एवढं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.